घराला सुटलेला घाम

पहिला थेंब देसिमिरच्या टकलावर पडला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं.

हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ या उन्हानं घातला. पाऊस असता तर छप्पर गळतंय म्हणून माणूस मोकळा झाला असता. पण आभाळ धुवून वाळत घातल्यासारखं निळं, झ्लातार डोंगरावर डिसेंबरची अशी थंडी की अंगणातल्या कोंबड्या एक पाय पोटात घेऊन चिंतन करतायत, आणि देसिमिर जेवणाच्या टेबलाशी बसून घेवड्याच्या सुपात पाव बुडवतोय. टप्. त्यानं वर पाहिलं. दुसरा थेंब डोळ्यात पडला.

"छप्पर गळतंय," त्याची बायको झागोर्का म्हणाली.

"छप्पर गळत नाहीये," देसिमिर डोळा पुसत म्हणाला.

"मग तुला रडवतंय कोण? मी तर अजून काही बोललेसुद्धा नाही."

देसिमिरसमोर त्याच्या छपराला नावं ठेवणं म्हणजे दुसऱ्या एखाद्याच्या पोराला काळं म्हणण्यासारखं होतं. हे छप्पर त्यानं स्वतःच्या हातानं चढवलं होतं. सोबत होता त्याचा कूम, व्हितोमिर. लग्नात शेजारी साक्षीदार म्हणून जो उभा राहतो तो कूम, आणि आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडलं तरी चालतं, कूमशी नाही. म्हणूनच त्या दोघांनी वासे थोडे तिरके बसवले तेव्हा कुणी कुणाला बोललं नाही, आणि छप्पर आजही डावीकडे जरा कान देऊन ऐकत असल्यासारखं दिसतं. पण गळलं कधी नव्हतं.

त्यात नगरपालिकेतून निवृत्त झाल्यावर देसिमिरनं घर गरम ठेवायच्या सरकारी योजनेत नाव घातलं आणि सबंध उन्हाळा घराला लपेटण्यात घालवला. जुन्या लाकडी खिडक्या गेल्या, फ्रिजच्या दारासारख्या घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या आल्या. कौलांखाली जाड प्लॅस्टिकचा कागद गेला. माळ्यावर काचेच्या लोकरीच्या गाद्या पसरल्या. चौकातल्या खानावळीत बसून तो म्हणाला होता, "आता माझ्या घरात माशीलासुद्धा दार वाजवून यावं लागेल." हे वाक्य गावानं जपून ठेवलं होतं. गाव अशी वाक्यं टाकून देत नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची आई बसली होती. येलिसावका. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर तीन स्वेटर, डोक्याला काळा रुमाल. तिनं छताकडे पाहिलंच नाही. ती म्हणाली, "कुणीतरी माळ्याचं झापड उघडं ठेवलं असेल. प्रोमाया लागली घराला."

इथे प्रोमायाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. समोरासमोरची दोन दारं किंवा दोन खिडक्या उघड्या राहिल्या की मधून जो आरपार वारा जातो, ती प्रोमाया. आमच्याकडे माणसं तशी हृदयविकारानं मरतात, म्हातारपणानं मरतात, मोटारीखालीही येतात, पण मयताला जमलेल्या बायकांना विचारा, शेवटी ते सगळं प्रोमायावरच येतं. भर जुलैत, बसमध्ये माणसं लोण्यासारखी वितळत असली तरी एक खिडकी उघडलीत तर मागून कुणीतरी म्हणणार, "अहो, बंद करा, लहान मूल आहे." मूल नसलं तरी म्हणतात.

आणि येलिसावका या विषयातली गावातली सर्वांत मोठी अधिकारी होती. पाहुणा घरात शिरला की तो कोण हे ती नंतर विचारायची, त्याच्या पाठीला वारा लागत नाही ना हे आधी. दारांच्या फटींना तिनं चिंध्या भरलेले लांबलचक साप शिवून ठेवले होते. जन्मात ती कधी उघड्या खिडकीकडे पाठ करून बसली नव्हती.

"आई, झापड बंदच आहे," देसिमिर म्हणाला.

"मग कान दुखेल तुझा. टोपी घाल."

देसिमिर पासष्ट वर्षांचा होता. त्यानं टोपी घातली.

दुसऱ्या दिवशीही तेच. रात्री कडाक्याची थंडी, सकाळी ऊन, आणि कौलांवरचा बर्फ उन्हात चमकायला लागला की आत टप् टप्. ढगाळ दिवशी काहीच नाही. बर्फ पडत असला तर छत खडखडीत कोरडं. असलं उलट्या डोक्याचं छप्पर गावात कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळे पाहायला आले.

सगळ्यांत आधी शेजारचा ओब्राद. ओब्राद आधी ट्रकचा ड्रायव्हर होता आणि ट्रकच्या बाहेरचं सगळं त्याला येत होतं. तो दारात उभा राहून छताकडे बघत म्हणाला, "शेजारी, कौल तडकलंय. डांबर लाव."

"ऊन असतानाच कसं गळतं मग?"

"थंडीत फट आखडते, उन्हात पसरते. लोखंडाचंही तसंच असतं."

"कौल मातीचं आहे."

"तेच तर. लोखंड निदान सांगून पसरतं."

देसिमिरनं डांबर गरम केलं, कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक धुराड्याला बांधलं आणि छपरावर चढला. गल्लीत बायका जमल्या. येलिसावका अंगणातून ओरडत होती, "वर वारा आहे, देसो, कान झाक," म्हणजे घसरून मान मोडली तरी चालेल, फक्त कान झाकलेला असावा. देसिमिरनं जमेल तिथे डांबर ओतलं. उतरताना डांबराचा डबा त्याच्या आधी उतरला, आणि तो ओब्रादच्या नव्या पांढऱ्या भिंतीवर उतरला. ओब्राद भांडला नाही. पण त्या दिवसापासून तो देसिमिरला "शेजारी" म्हणायचा थांबला आणि "तुम्ही" म्हणायला लागला. हे जास्त लागतं.

डांबरानंतर छप्पर जास्त गळू लागलं.

आता घरात भांडी मांडली गेली. थेंब कुठे पडेल याचा नेम नव्हता, त्यामुळे झागोर्का रोज सकाळी पातेली इकडून तिकडे सरकवायची, बुद्धिबळातल्या सोंगट्यांसारखी. ती औषधाच्या दुकानात कामाला होती आणि रोग्यांशी बोलायची तिला सवय होती.

"सांग बाबा, कुठे दुखतंय ते," ती एकदा छताला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "हे तरी बोलेल. तुझ्यासारखं फुगून तर बसलेलं नाही."

खरी भीती मात्र दुसरीच होती. जानेवारीत संत योवानचा दिवस येत होता. तो या घराण्याचा संत. त्या दिवशी न बोलावता सगळे नातेवाईक, शेजारी, कूम घरी येतात. पूर्वेच्या भिंतीवर संताची तसबीर, तिच्यासमोर टेबलावर गोल पाव, गव्हाचा गोड प्रसाद आणि उंच मेणबत्ती. मेणबत्ती सकाळी लागते आणि संध्याकाळपर्यंत तेवत राहायला हवी, मग घरधनी ती वाइनच्या थेंबानं शांत करतो. त्याआधी ती विझली तर घरावर काय येतं, हे आमच्याकडे कुणी उघड बोलत नाही. आणि सगळ्यांत मोठा डाग नेमका त्या टेबलावरच्या छताला पडला होता. तो दिसायला थोडासा मेंढीसारखा होता आणि दर दुपारी त्या मेंढीच्या नाकातून थेंब पडायचा.

धाकट्या भावाचा, रातोमिरचा, उझित्से शहरातून फोन आला. रातोमिर फ्लॅटमध्ये राहायचा. तिसरा मजला, सगळ्या खोल्या सारख्याच गरम.

"दादा, ऐकलं मी. या वर्षी संताचा दिवस माझ्याकडे करू या. आईलाही घेऊन जातो. हिवाळाभर राहू दे, ओल्या घरात या वयात..."

"घर ओलं नाहीये."

"ओब्रादच्या भिंतीचा फोटो आलाय मला, दादा."

देसिमिरनं फोन ठेवला आणि आईकडे पाहिलं. ती अक्रोड फोडत बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "मला जायचं नाही. त्याच्याकडे खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. पण पाण्याचा थेंब मेणबत्तीवर पडलेला मी बघणार नाही, देसो. तसं होणार असेल तर मी संताला काखेत मारते आणि रातोमिरकडे जाते. संतानं काय छत्री घेऊन बसायचं?"

आणि जी तसबीर एकदा धाकट्याच्या भिंतीवर चढते ती परत उतरत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. आईचंही तसंच.

म्हणून देसिमिर नगरपालिकेत गेला. योजनेतलं काम, तर तपासणीही त्यांचीच. ज्या खिडकीमागे बसून त्यानं जन्म काढला होता तिच्यापुढे तो आता उभा राहिला, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की ती खिडकी किती खाली आहे. नागरिकाला वाकावंच लागतं. आतमध्ये स्लाविंका बसली होती. तिला त्यानंच शिकवून तयार केलं होतं.

"देसिमिरसाहेब, तुम्ही होय. गुरुवारी या."

"गुरुवारी कोण असतं?"

"गुरुवारी कुणीच नसतं. तुम्हीच नाही का शिकवलंत?"

तरी जुन्या ओळखीला जागून स्लाविंका एका पाहणी अधिकाऱ्याला घेऊन आली. दोघांनी कॉफी घेतली, राकिया म्हणजे घरची फळांची दारू घेतली, मेंढीचा डाग पाहिला, शिडीवरून डोकं घालून माळाही पाहिला. खाली आल्यावर स्लाविंकानं चष्मा लावला.

"अडचण अशी आहे, की नोंदीत या घराला माळाच नाही."

"म्हणजे?"

"घर छतापाशी संपतं. घरपट्टी कमी बसावी म्हणून कुणीतरी 'माळा नाही' असं लिहून घेतलंय. सही ओळखीची वाटते." सही देसिमिरची होती. "जो माळा नाही, तो ओला आहे असं मी कसं लिहू?"

"अगं, तू आत्ता चढलीस की त्याच्यावर."

"ते मी खाजगीत चढले," स्लाविंका म्हणाली. तिनं आणखी एक पेला घेतला आणि जाताना येलिसावकाला वाकून सांगितलं, "मावशी, सांभाळा, दारात वारा आहे."

मग कूम व्हितोमिर आला. येणारच. निम्मं छप्पर त्याचं होतं. त्यानं वर जाऊन वास्यांवरून हात फिरवला, हात ओला झाला, तो त्यानं देसिमिरच्या कोटाला पुसला.

"ओल बाहेरून येतेय, कूम. अजून घट्ट करायला हवं. आतूनही प्लॅस्टिक मार, वास्यांना ताणून, फट म्हणून ठेवू नकोस. आणि वर एक हीटर ठेव. कोरडं होईल."

दोघांनी ख्रिसमसच्या आधी ते काम केलं. नाताळच्या उपासाचे दिवस, त्यामुळे बरोबर फक्त मासे आणि राकिया, आणि उपासाला राकिया चालते. माळा आतून फुग्यासारखा तटतटला. हीटर लावला. ख्रिसमस झाला आणि लगेच एका सकाळी, ऊन पडल्यावर, जेवणाच्या खोलीत जे झालं त्याला गळणं म्हणणं छपराचा अपमान ठरेल. भिंतीवरून ओघळ, दिव्याच्या तारेवरून धार, तसबिरीच्या चौकटीवर बारीक बारीक थेंब. झागोर्कानं तसबीर रुमालानं टिपली आणि काहीच बोलली नाही. ती बोलली नाही तेव्हा देसिमिर घाबरला.

तो माळ्यावर गेला. दिव्याच्या उजेडात त्याला दिसलं की सगळ्या वास्यांना आतून पांढरं दहिवर धरलंय, जाडसर, एखाद्या जुन्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यासारखं, आणि हीटरजवळ ते वितळून पाऊस लागलाय. घाबरून तो मागे सरला. तुळई सोडून पाऊल ठेवायचं नाही, हे त्यानंच तीस वर्षांपूर्वी व्हितोमिरला शिकवलं होतं. पाऊल काचेच्या लोकरीवर पडलं, लोकरीखालच्या फळीवर पडलं, आणि फळी ओलीनं कुजली होती.

खाली येलिसावका प्रसादासाठी अक्रोड कुटत होती. छतातून मांडीपर्यंत एक पाय आला आणि टेबलावर लोंबकळू लागला.

तिनं तो नीट पाहिला.

"देसो, हा मोजा मी विणलेला आहे. अंगठा बाहेर कसा आला?"

"आई, झागोर्काला बोलाव."

"ती दुकानात गेली. तुझा दुसरा पाय कुठंय?"

"वर आहे."

"त्याला तरी मोजा आहे ना?"

देसिमिर असा अडकला होता की त्याचं डोकं छपराच्या उताराखाली, अगदी वळचणीच्या कोपऱ्यात टेकलं होतं. तिथे तो कधीच गेला नव्हता, कारण तिथे माणूस मावत नाही. वळचणीला त्यानं आणि व्हितोमिरनं घर बांधताना झरोके ठेवले होते, मुठीएवढे, दोन्ही अंगांना समोरासमोर. त्यांतून उजेड यायला हवा होता. यायला हवा होता, पण अंधार होता. त्यानं बोट लावून पाहिलं. लोकरीचं काहीतरी. त्यानं ओढलं. हातात लाल पट्ट्यांचा एक मोजा आला.

त्याच क्षणी बाहेरचा गारठा सुरीसारखा त्याच्या तोंडावर आला.

हा मोजा त्याला आठवत होता. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी त्याचा एकेक मोजा हरवायचा. जोड कधीच नाही, एकच. त्यावरून त्यानं झागोर्काला कितीदा ऐकवलं होतं, आणि झागोर्कानं कपडे धुवायचं यंत्र एकदा चक्क दुरुस्तीवाल्याकडून उघडून घेतलं होतं. त्यानं पुढच्या झरोक्यातून ओढलं. करडा मोजा. त्याच्या पुढच्यातून हिरवा, लष्करातला. एक लहान मुलाचाही होता, टाच झिजलेला.

मोजे काढता काढता त्यानं मान वळवली. मागे वर आढ्याला टांगलेला डुकराच्या मांडीचा मोठा तुकडा हलत होता. धुरात वाळवलेलं मांस शेवटचे आठवडे माळ्याच्या वाऱ्यात टांगायचं, ही आईची पद्धत. संत योवानच्या दिवशी ते पातळ कापून आधी पाहुण्यांपुढे येतं आणि पाहुणे आईचं नाव घेऊन खातात. यंदा शिडी चढायची नाही म्हणून देसिमिरनं तिला दटावलं होतं आणि टांगायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. टांगल्यावर एकदाही पाहिलं नव्हतं. त्या मांसाला आता हिरवट मऊ केस फुटले होते.

झागोर्का आली, ओब्रादला घेऊन आली, ओब्रादनं वरून ओढलं, झागोर्कानं खालून ढकललं, आणि देसिमिर मोकळा झाला. ओब्राद त्या एका प्रसंगात पुन्हा "शेजारी" म्हणाला. म्हणजे काहीतरी फायदा झालाच.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर एका बाजूला मोज्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला केसाळ मांस, आणि मध्ये येलिसावका. देसिमिर काही विचारायची हिंमत करत नव्हता. टेकूशिवाय खुर्चीत बसू न शकणारी, पाहुण्यांसमोर दोघांनी धरून उठवावी लागणारी त्याची आई, दरवर्षी घरात कुणी नसताना शिडी चढून वळचणीत रांगत जायची, हे त्याच्या अजून पचनी पडलं नव्हतं.

ती आधी मांसाकडेच वळली. बोटानं हिरवा मऊ थर खरवडला, हुंगला, आणि तिचं तोंड आंबट खाल्ल्यासारखं झालं.

"याला वारा कुणी बंद केला?"

देसिमिरनं खुर्ची जरा मागे सरकवली.

"दोन्ही बाजूंनी वारा नको का याला? माझ्या आईनं शिकवलंय. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. नाहीतर याचा घाम याच्याच अंगावर बसतो आणि कुजतं."

झागोर्कानं हळूच मोज्यांचा ढीग तिच्यापुढे सरकवला. "आई, आणि घराला?"

येलिसावकानं ढिगातला लहान मोजा उचलला.

"आम्ही तीन माणसांचं शिजवतो," झागोर्का म्हणाली, "कपडे शेगडीपाशी वाळवतो, रात्रभर श्वास सोडतो. ही सगळी वाफ वरच जाते. आधी खिडक्या फटींच्या होत्या, कौलं सैल होती, निघून जायची. आता आम्ही घराचं तोंड बांधलं आणि तुम्ही नाक. घाम फुटणार नाही तर काय होईल?"

देसिमिरच्या डोक्यात मग सगळं एकापाठोपाठ एक बसत गेलं: रात्री कौलांखाली गोठणारी वाफ, सकाळचं ऊन, डांबर, आतलं प्लॅस्टिक, हीटर. छप्पर कधीच गळलं नव्हतं. त्याला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची त्याला लगेच लाजही वाटली, कारण आई रडत होती. आवाज न करता, लहान मोजा हातात धरून.

"घर काय मांस आहे का," ती म्हणाली. "मांसाचा कान दुखत नाही. हा एवढासा होता, सबंध हिवाळा कान धरून ओरडायचा. याच मोज्यात मी मीठ तापवून भरायचे आणि कानाला लावून बसायचे, हा झोपेपर्यंत. तुम्ही वरती ती भोकं ठेवलीत, दोन्हीकडे, समोरासमोर. माझ्या पोराच्या डोक्यावर. मी काय नुसतं बघत बसू?"

देसिमिर म्हणाला, "तेव्हाच सांगायचंस ना, आई."

"सांगितलं असतं तर तू काढून टाकले असतेस."

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी आतलं प्लॅस्टिक फाडून खाली आलं, हीटर परत गेला, कौलांखालचा कागद आढ्यापाशी दोन्ही अंगांनी हातभर कापला आणि वळचणीचे सगळे झरोके मोकळे झाले. येलिसावकानं मांस राकियानं धुतलं, मीठ चोळलं आणि परत वर टांगायला लावलं. शिडीखाली उभी राहून ती म्हणाली, "वारा आहे का त्याला?"

"आहे."

"तुझ्या डोक्याला?"

"आई."

"टोपी आहे का ते विचारतेय."

माळ्यावरचं दहिवर हळूहळू उडून गेलं. मेंढीचा डाग वाळला. पायाचं भोक ओब्रादनं फळी ठोकून बुजवलं आणि त्यावर, भिंतीचं उट्टं म्हणून, डांबराचा एक छोटासा ठिपका ठेवला.

संत योवानच्या दिवशी सकाळी दक्षिणेचा उबदार वारा सुटला आणि लख्ख ऊन पडलं. असला दिवस देसिमिर शत्रूलाही देणार नव्हता. पाद्री आला, पाव कापला, मेणबत्ती लागली. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. रातोमिर आला तो मोठी रिकामी बॅग घेऊन आला आणि ती त्यानं दाराशी ठेवली, कुणी विचारू नये अशा बेतानं. कोबीच्या पानातल्या खिम्याचं मोठं पातेलं शेगडीवर रटरटत होतं. इतकी माणसं, इतके ओले कोट, इतकं शिजणं. खिडक्यांच्या काचा घामेजल्या. मांस पुढे आलं, सगळ्यांनी खाल्लं, आईचं नाव घेतलं, पण अधूनमधून प्रत्येकाची नजर वर त्या मेंढीकडे जात होती. ऊन नेमकं कौलांवर आलं होतं.

झागोर्कानं देसिमिरकडे पाहिलं. देसिमिर उठला, आणि ज्याबद्दल गाव पुढे वर्षभर बोलणार होतं ते त्यानं केलं. त्यानं हिवाळ्यात, भरल्या घरात, बोटभर खिडकी उघडली.

वाफ हळूच बाहेर निघाली. तेवढ्यात व्हितोमिर आला आणि पुढचं दार उघडलं. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली.

 स्लाविंकानं मान झाकली. कुणाच्या तरी काकूनं मुलाला छातीशी ओढलं. कुणी शब्द उच्चारला नाही, पण तो सगळ्यांच्या तोंडावर होता. खिडकी लावावी तर वाफ वर जाऊन संताच्या समोर टपकणार. उघडी ठेवावी तर दार वाजलं की ज्योत जाणार. रातोमिर त्याच्या बॅगेकडे बघत होता. देसिमिरचा हात खिडकीच्या कडीवर तसाच राहिला.

येलिसावका उठली. कुणी धरायच्या आत उठली. आपली खुर्ची ओढत तिनं ती खिडकी आणि मेणबत्तीच्या मधोमध आणली, आणि उघड्या खिडकीकडे पाठ करून बसली. काळा रुमाल मागून फडफडला. ज्योत सरळ झाली.

"बसा ना," ती सगळ्यांना म्हणाली. "उभे काय राहिलात? थोडी हवा नको का घराला?"

ती तशीच बसली, लोक येत-जात राहिले, दार उघडत-मिटत राहिलं, संध्याकाळपर्यंत. देसिमिरनं दोनदा खुर्ची बदलायला सांगितली, तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकदा रातोमिर तिच्याजवळ वाकून म्हणाला, "आई, माझ्याकडे वारा अजिबात नाही."

"माहीतंय," ती म्हणाली. "आणि मांस कुठं टांगणार?"

दिवेलागणीला देसिमिरनं वाइनचा थेंब सोडून मेणबत्ती शांत केली. छतातून काहीही पडलं नाही. पाहुणे गेले, रातोमिर गेला, त्याची बॅगही गेली, आत उरलेल्या मांसाचा एक मोठा तुकडा घालून. झागोर्कानं खिडकी लावली.

येलिसावका खुर्चीतच होती. रुमाल सारखा करत, एक हात कानावर.

देसिमिर शेगडीपाशी गेला. तव्यावर मीठ टाकलं, ते तडतडेपर्यंत हलवलं. ढिगातून लाल पट्ट्यांचा मोजा उचलला, एकटाच होता, कुणाला लागणार नव्हता. मीठ भरलं, गाठ मारली, आधी आपल्या गालाला लावून पाहिलं, आणि मग तिच्या कानाला धरलं.

"दुखतोय?"

"नाही."

"मग काढू?"

"असू दे," ती म्हणाली.